एक चित्र जाते, दुसरे येते

दिवाळीच्या दिवसांत कोणाच्याही घरी फराळाला जा, चकलीची बशी हातात पडते न पडते तोच यजमान टीव्हीच्या मागे शिरून तारांशी खटपट करू लागतात. पूर्वी अशा वेळी कपाटातून अल्बम निघत असे. आता लॅपटॉप निघतो. मग मुलीचे लग्न, नातवाचे बारसे, नाहीतर चारधामची यात्रा पडद्यावर सरकू लागते. एक फोटो भुईचक्रासारखा गरगरत येतो, दुसरा काचेसारखा फुटतो, तिसऱ्याचे कागदी विमान होऊन ते भुर्रकन उडून जाते. आपण "वा, वा" म्हणतो आणि चकली मोडतो.

ह्या कोलांट्याउड्यांना ट्रान्झिशन म्हणतात. एका स्लाइडवरून दुसरीवर जाण्याची रीत, एवढाच त्याचा अर्थ. ही रीत किती महागात पडू शकते ते मला गेल्या वर्षी कळले. आणि चूक सर्वस्वी माझीच असल्यामुळे ती चारचौघांत सांगायला कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

आमचे थोरले मामा गेल्या वर्षी गेले. शोकसभा ठरली तेव्हा "तुला त्यातले कळते" असे म्हणून मामेभावाने फोटो दाखवण्याचे काम माझ्या गळ्यात घातले. मला कळत होते ते बेताचेच. पण नाही म्हणण्याची ती वेळ नव्हती. चाळीसएक फोटो जमवले, पॉवरपॉइंटमध्ये ओळीने लावले आणि रात्री एकेका फोटोला एकेक निराळी रीत देत बसलो. खरे सांगायचे तर त्या दिवसांत हाताला काहीतरी चाळा हवाच होता.

त्यात मी एक गंमत साधली होती. मामा सरकारी नोकरीत. लग्नाला सहा महिने होतात न होतात तोच त्यांची लांबच्या गावी बदली झाली आणि पंधरा दिवसांत ती रद्दही झाली. बदलीचा तो हुकूम मामांनी जन्मभर जपून ठेवला होता. लग्नाच्या फोटोनंतर मी त्या हुकुमाचा फोटो लावला आणि त्याच्या पुढच्या फोटोला 'क्रश' नावाची रीत दिली. ह्या रीतीत पडद्यावरचे चित्र कागदासारखे चुरगाळते, त्याचा बोळा होऊन तो नाहीसा होतो आणि मागचे नवे चित्र दिसू लागते. म्हणजे हुकुमाचा बोळा झाला की अंगणात खुर्ची टाकून निवांत बसलेले मामा! मी प्रीव्ह्यू पाहिला, पुन्हा एकदा पाहिला आणि स्वतःवर खूष होऊन झोपलो.

सकाळी मामेभावाचा फोन आला. "अरे, शोकसभा आहे ही. थट्टा नको. तो हुकूम काढून टाक." मी ती स्लाइड काढून टाकली. एक कळ दाबायची, त्याला कितीसा वेळ लागतो?

सभेत पहिल्या रांगेत मामी बसल्या होत्या. फोटो एकेक करून पुढे सरकत होते. लग्नाचा फोटो आला. काळापांढरा, दोघांच्या कपाळी मुंडावळ्या, मामा कॅमेऱ्याकडे न बघता भलतीकडेच बघणारे. मामींनी चष्मा नीट केला आणि त्या थोड्या पुढे वाकल्या. मी पुढची कळ दाबली, आणि पन्नास माणसांच्या देखत तो फोटो चुरगाळला, त्याचा बोळा झाला आणि तो नाहीसा झाला.

कोणी एक अक्षर बोलले नाही. संध्याकाळी मी मामींजवळ जाऊन बसलो, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "ह्यांनी उभ्या जन्मात वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा चुरगाळला नाही रे. सरळ करून, घडी घालून ठेवायचे."

झाले होते काय, ते मला पुढे माझ्या पुतणीने समजावून सांगितले. "काका, रीत जाणाऱ्या स्लाइडला नसते, येणाऱ्या स्लाइडला असते. तुम्ही हुकूम काढलात, पण 'क्रश' अंगणातल्या फोटोला चिकटलेलेच राहिले. त्याच्या आधी जो फोटो सापडेल त्याचा ते बोळा करणार." पॉवरपॉइंटचा हा नियमच आहे: स्लाइडला दिलेली रीत तिच्या आगमनाची असते. ॲपलच्या कीनोटमध्ये नेमके उलटे. तिथे रीत निवडलेल्या स्लाइडच्या निरोपाची असते. म्हणून फोटोंचा क्रम बदला, मधली एखादी स्लाइड काढा किंवा नवी घुसवा, की जोड्या बदलतात, आणि काल पाहिलेला प्रीव्ह्यू आज खोटा ठरतो.

पडद्यावर एकामागून एक चित्रे दाखवण्याचा हा नाद काही संगणकाबरोबर आलेला नाही. काचेवरची चित्रे दिव्याने पडद्यावर टाकणारा मॅजिक लँटर्न फार जुना. एकोणिसाव्या शतकात विलायतेतले खेळवाले दोन दिवे वापरीत. एकाचा उजेड कमी करीत न्यायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याचा वाढवायचा, म्हणजे एक चित्र विरघळून त्यातून दुसरे उमटल्यासारखे दिसे. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९०च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' अशा भारदस्त नावाने हे खेळ सुरू केले. हातांनी रंगवलेल्या काचा दिव्यापुढून सरकवून ते पडद्यावर गोष्ट उभी करीत. पॉवरपॉइंट आले ते १९८७ साली, मॅकिंटॉश संगणकासाठी. फोरथॉट नावाच्या एका छोट्या कंपनीने ते काढले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. पडद्यावर चित्र बदलण्याच्या रीती त्यात १९९२च्या तिसऱ्या आवृत्तीपासून मिळू लागल्या, आणि ज्याने माझा घात केला ते 'क्रश', ते कागदी विमान, ती ओरिगामी ही मंडळी २०१३च्या आवृत्तीत आली. म्हणजे विरघळणारे चित्र दीडशे वर्षांहून जुने आणि चुरगाळणारे अगदी कालचे. जुने टिकले, त्याला काही कारण असेल की नाही?

मला ते कारण रंगभूमीवरून उमगले. १९६२ साली 'तो मी नव्हेच' आले ते फिरता रंगमंच घेऊन. न्यायालयातून लखोबा लोखंडेच्या एकेका संसारात जायचे आणि पुन्हा न्यायालयात यायचे, म्हणून तो रंगमंच फिरत असे. कथेला वळण नसताना तो नुसताच गरगरत राहिला असता, तर प्रेक्षकांना भोवळ आली असती. आपल्या स्लाइडचेही तसेच. वळण असेल तिथे वळण दिसावे, नसेल तिथे चित्र मुकाट्याने बदलावे.

आता पुतणीने मला दिलेले धडे क्रमाने सांगतो. कोणाची तरी सभा वाचेल.

पॉवरपॉइंटच्या वरच्या पट्टीत 'ट्रान्झिशन्स' उघडले की रीतींची चित्रे दिसतात. डावीकडच्या रांगेतली स्लाइड निवडून एखाद्या रीतीवर टिचकी मारली, की ती लागू होते आणि एकदा करूनही दाखवली जाते. हे झाले साडीच्या दुकानात पदर खांद्यावर टाकून पाहण्यासारखे. पुन्हा पाहायचे असेल तर पट्टीच्या अगदी डाव्या टोकाला 'प्रीव्ह्यू'चे बटण आहे. रीत उजवीकडून यावी की डावीकडून, हे 'इफेक्ट ऑप्शन्स'मध्ये ठरवता येते. नको झाली तर 'नन' निवडावे. रीत लावलेल्या स्लाइडच्या आकड्याखाली एक बारीकशी चांदणी उमटते. जिला चांदणी आहे ती स्लाइड प्रीव्ह्यूशिवाय पुढे जाऊ द्यायची नाही, हा आमच्या पुतणीचा दंडक. गूगल स्लाइड्समध्ये 'मोशन'च्या कप्प्यात मोजक्याच रीती आहेत आणि तिथे 'प्ले' दाबून पाहता येते. लिबरऑफिसच्या इम्प्रेसमध्ये बाजूच्या कप्प्यातही तशीच सोय आहे.

पण हा प्रीव्ह्यू छोट्या चौकटीतला. बोटभर चित्रात जे गोजिरे दिसते ते भिंतीएवढ्या पडद्यावर अंगावर येते. ज्यांना चक्कर येण्याचा त्रास आहे अशा वडीलधाऱ्यांना तर भोवऱ्यासारखी फिरणारी चित्रे खरोखर सोसत नाहीत. म्हणून आधीच्या स्लाइडवर उभे राहून शिफ्ट आणि एफ-५ ह्या कळा एकदम दाबाव्यात. तिथपासूनचा खेळ पूर्ण पडद्यावर सुरू होतो. आणि शेवटचा बदल केल्यानंतर, मग तो कितीही किरकोळ असो, नुसती एफ-५ दाबून सगळे पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहावे. माझ्या हातून नेमके हेच राहिले होते. मी प्रीव्ह्यू पाहिला होता. फक्त एक दिवस आधी पाहिला होता.

वेळेची दोन घरे शेजारी शेजारी आहेत आणि त्यांची गल्लत हटकून होते. 'ड्युरेशन' म्हणजे बदल घडायला लागणारा वेळ. 'आफ्टर' म्हणजे किती वेळाने स्लाइड आपोआप पुढे जायची, तो वेळ. फोटो दहा सेकंद थांबावा म्हणून पहिल्या घरात दहा लिहिणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांचा फोटो दहा सेकंद नुसता येतच होता. तिसरे बटण 'अप्लाय टू ऑल'. हे दाबताच एका स्लाइडची रीत आणि वेळ सगळ्यांना लागते आणि हातांनी बसवलेले बाकीचे सारे पुसले जाते. म्हणून ते आधी दाबावे, आणि मग दोनचार ठिकाणी हवा तो फरक करावा.

कोणती रीत कुठे? आमच्या घरी आता तीनच चालतात. एकाच प्रसंगाचे फोटो असतील तर 'फेड', म्हणजे तेच दोन दिव्यांचे विरघळणे. नाहीतर काहीच नाही. प्रसंग बदलला, बारशावरून मुंजीवर आलो, तर तिथे 'पुश', एक चित्र दुसऱ्याला ढकलत आणते. पान उलटल्याचे लोकांना कळते. आणि एखादी वस्तू हलवूनच दाखवायची असेल, नकाशावर गाव पुण्याहून नागपूरला न्यायचे असेल, तर 'मॉर्फ'. स्लाइडची नक्कल काढायची, नकलेत ती वस्तू हवी तिथे सरकवायची आणि नकलेला 'मॉर्फ' द्यायचे. मधला प्रवास संगणक करतो. मात्र सभागृहातल्या संगणकावर जुनी आवृत्ती असेल तर 'मॉर्फ'च्या जागी 'फेड'च दिसेल. फोनवरच्या सभेत तर ह्या हालचाली अडखळतात, आणि स्लाइडचे पीडीएफ केले की त्या उरतच नाहीत. म्हणून जिथे दाखवायचे तिथल्याच यंत्रावर आदल्या दिवशी एक फेरी मारून यावे.

एक धडा मात्र पुतणीने दिला नाही. तो मामींनी दिला. ह्या वर्षी त्यांचे सहस्रचंद्रदर्शन झाले. फोटोंचे काम मी घेणार नव्हतो, पण मामींनीच निरोप धाडला, "त्यालाच सांगा." पुतणीला बरोबर घेऊन मी गेलो. लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटले, "मामी, आधी तुम्ही बघा. तुम्ही म्हणाल तसे."

लग्नाचा फोटो आला. मी कळ दाबणार तोच त्यांनी माझा हात धरला. "थांब जरा. हा केव्हा गेला ते मला कळता कामा नये." पुतणीने पुढच्या फोटोला 'फेड' दिले, वेळ वाढवून तीन सेकंद केला आणि प्रीव्ह्यू दाबला. मामींनी तो चार वेळा पाहिला. चौथ्यांदा मान हलवली.

मग म्हणाल्या, "आणि तो बदलीचा हुकूम कुठे गेला? तू काढून टाकलास म्हणे."

मी खाली मान घातली. "काढला, मामी. तुम्हाला ते बरे वाटणार नाही असे..."

"तो घाल परत. आणि त्याचा मात्र बोळा कर चांगला. मला तेव्हाच करायचा होता. ह्यांनी हातातून काढून घेतला आणि घडी घालून ठेवला."

पुतणीने हुकूम जागेवर बसवला. लग्नाचा फोटो हळूच विरून गेला, हुकूम आला, हुकुमाचा बोळा झाला आणि अंगणात खुर्ची टाकून बसलेले मामा दिसले. मामी तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांना पाणी आले.

मी मात्र लॅपटॉप मिटला नाही. एफ-५ दाबली आणि सगळे पहिल्यापासून पुन्हा एकदा पाहिले.