सराव सोयाबीनच्या नोंदींवर करा

जावात स्ट्रीम आले ते मार्च २०१४ मध्ये, आठव्या आवृत्तीबरोबर. सोयाबीनच्या माळव्यात, धार-देवासला, त्यांचा सराव काल्पनिक कर्मचाऱ्यांच्या पगारांवर कशाला? मंडीच्या नोंदी घ्याव्यात: फिल्टरने जास्त ओलाव्याचा माल गाळायचा, मॅपने रक्कम काढायची, कलेक्टने गावागणिक गट पाडायचे. खऱ्या नोंदीत ओलाव्याचा रकाना कधी रिकामा असतो आणि तिथेच नल पॉइंटर एक्सेप्शन येते. तेही कलेक्ट चालल्यावरच, कारण तोवर फिल्टर हलतच नाही. हा आळशीपणा पाठ्यपुस्तकी यादीत जाणवत नाही. साधा लूप डीबग करायला सोपा, छोट्या यादीवर बहुधा वेगवानही, हा आक्षेप रास्तच. पण त्यात गाळणी, हिशेब, साठवण एकमेकांत गुंततात. स्ट्रीममध्ये ही कामे ओळीने वाचता येतात. फोरईचमधून बाहेरची यादी भरत बसणाऱ्याने मात्र खुशाल लूप लिहावा.