हवा बदलली आहे हो...

परवा धाकटी नात तापाने फणफणली होती. शेजारच्या वहिनी दारातूनच म्हणाल्या, "हवाच बदलली आहे हो काका, घरोघरी तेच चाललंय." मीही सवयीने मान डोलावली. (साधं सर्दी-पडसं निघालं, नातेवाईक मंडळींनी काळजी करू नये!) पण रात्री मला काही झोप लागेना. कारण हेच वाक्य मी एकदा दुसऱ्याला ऐकवलं होतं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते सगळ्यांना आठवतं. त्याच पावसात कामवारीचं पाणी आमच्या भिवंडीतही शिरलं होतं. माझा एक जुना विद्यार्थी पॉवरलूमवर कामाला होता. दोन दिवस तो कमरेइतक्या पाण्यातून लोकांचं सामान बाहेर काढत होता, आमचंही. दहा-बारा दिवसांनी नाक्यावर भेटला. म्हणाला, "सर, कालपासून ताप आहे, पोटऱ्या फार दुखतात." मी म्हटलं, "अरे, हवा बदलली आहे. काढा घे आणि दोन दिवस झोप." तो आज्ञाधारक मुलगा. झोपून राहिला. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. लेप्टो.

मी पडलो मराठीचा मास्तर, पण त्यानंतर या विषयावर जे हाताला लागलं ते वाचत गेलो. लेप्टोचे जंतू उंदीर-घुशी, गुरंढोरं यांच्या मूत्रातून बाहेर पडतात. कोरड्या जागी ते टिकत नाहीत. ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात मात्र आठवडेच्या आठवडे तग धरतात आणि पायाच्या बारीकशा जखमेतून शरीरात शिरतात. ताप येतो तो बहुधा एक-दोन आठवड्यांनी, म्हणजे पूर ओसरून माणसं तो विसरली की! वेळेवर ओळखला तर साध्या प्रतिजैविकांनी हा रोग बरा होतो, हे वाचलं तेव्हा फार वाईट वाटलं.

म्हणजे हवेचा संबंध आहेच, वहिनी चूक बोलत नव्हत्या. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच 'वाईट हवा'. १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला, तेव्हा हवेवरचा आरोप मागे पडला. पण हवा पूर्ण निर्दोष सुटली असं नाही. जंतू डासाच्या शरीरात वाढून तयार व्हायला साधारण दहा-पंधरा दिवस लागतात. थंडीत ही वाढ मंदावते, आणि कडक कोरड्या उन्हात डासच तेवढे दिवस जगत नाही. पावसाळ्यातली उबदार, दमट हवा दोन्ही गोष्टी जुळवून आणते. डेंग्यूचंही तसंच. धो धो पावसात अळ्या वाहून तरी जातात. खरा जोर असतो तो पाऊस उघडझाप करू लागला की, सप्टेंबर-ऑक्टोबरात.

आता माझं म्हणणं ऐका. हवेचा आणि रोगाचा एवढा पक्का संबंध असेल, तर ती रडायची नाही, सोयीची गोष्ट आहे. परीक्षेचं वेळापत्रक आधीच हातात असल्यासारखं! जूनमध्ये पाऊस येणार, जुलैत पाणी तुंबणार, मग लेप्टो, मग डेंग्यू. पेपर कधी आहे हे ठाऊक असून आपण दरवर्षी नापास होतो आणि खापर फोडतो हवेवर.

तीन बत्ती, ईदगाह रोड, म्हाडा कॉलनी... पाणी कुठे भरतं हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. मग तिथली गटारं मे महिन्यातच का उपसून होत नाहीत? मुंबईला जाणारं पाणी आमच्याच तालुक्यात पांजरापूरला शुद्ध होऊन पुढे जातं, आणि आमच्या वस्त्यांत मात्र नळ ठरावीक वेळी येतो म्हणून दारोदार पिंपं भरलेली. त्या पिंपात डेंग्यूचा डास वाढतो. त्याची अंडी पिंपाच्या कडेला चिकटून महिनोन्महिने कोरडी राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही, आठवड्यातून एकदा पिंप घासून, वाळवावं लागतं. पण दोन पाळ्या करून आलेल्या लूमवरच्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? नळाला नीट पाणी आलं तर पिंपच लागणार नाही. हे काम त्याचं नाही, कारभार चालवणाऱ्यांचं आहे.

आपल्या हातातलं एवढंच, की पुराच्या पाण्यातून चालावं लागलंच तर डॉक्टरांना विचारून लगेच प्रतिबंधक औषध घ्यावं. आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना आठवणीने सांगावं, "मी त्या पाण्यात उतरलो होतो." या एका वाक्याने निदान लवकर होऊ शकतं. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी हे वाक्य शिकवलं नाही, काढा सांगितला.

असो. नात आता बरी आहे, घरभर धुमाकूळ घालते आहे. तिला एक मात्र शिकवून ठेवलंय. कुणी "हवा बदलली" म्हणालं, की विचारायचं, "मग आपण काय बदललं?"