कानविंदे यांची काटकसर

कोकणातील आचरे येथे १९१६ साली जन्मलेले वास्तुशास्त्रज्ञ अच्युत कानविंदे (निधन २००२) महाराष्ट्रास फारसे परिचित नसावेत, ही खेदाची गोष्ट होय. हार्वर्डला वॉल्टर ग्रोपिअस यांच्याकडे आधुनिक वास्तुकलेचे शिक्षण घेऊनही त्यांनी परदेशी साचा जसाच्या तसा उचलला नाही. कानपूरच्या आयआयटीत त्यांनी सावलीचे जोडमार्ग आखले. मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीवर तप्त हवा निघून जाण्यासाठी उंच झरोके उभारले. आज आंबी-तळेगाव परिसरात महाविद्यालये उभी राहिली आहेत. अशा इमारतींचा केवळ बांधकामखर्च पाहून भागणार नाही. पुढील पन्नास वर्षांचे वीजबिलही मोजले पाहिजे. बांधणाऱ्याने वाचविलेला रुपया विद्यार्थ्याच्या शुल्कातून वसूल होणार असेल, तर तिला काटकसर कसे म्हणावे?