एचआयव्हीच्या तासात मुलांनाही वाटा द्या




शाळेत एचआयव्हीबद्दल शिकवावे की नाही, हा वाद सरकारी कागदावर तरी मिटला आहे. 2007 मध्ये महाराष्ट्र आणि गुजरातसह अनेक राज्यांनी हा विषय शिकवणारा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम रोखून धरला होता. 2020 मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमाच्या अकरा विषयांत मात्र एचआयव्ही प्रतिबंध आहे, आणि प्रत्येक वर्गातले दोन विद्यार्थी आरोग्यदूत व्हावेत, असेही त्यात आहे. या दोघांना काम काय द्यायचे, हा खरा प्रश्न. जागतिक एड्स दिनी, 1 डिसेंबरला, लाल फीत लावून फेरीत चालवण्यावर भागवू नये. तास आखण्यात आणि घेण्यात त्यांचा वाटा असावा, असे माझे ठाम मत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) देशात 15 ते 49 वयाच्या 21.6 टक्के स्त्रियांना आणि 30.7 टक्के पुरुषांनाच एचआयव्हीची पुरेशी माहिती होती. डास चावल्याने होतो का, एका ताटात जेवल्याने होतो का, धडधाकट माणसाला असू शकतो का, हे मुलगा सरांसमोर उभा राहून विचारत नाही. तो बाकावरच्या मित्राला विचारतो, आणि मित्रालाही ठाऊक नसते. म्हणून त्या मित्रालाच तयार करायला हवे.

याने मुले बिघडतील, ही पालकांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण इंग्लंडमधल्या 27 शाळांतला प्रयोग (2004) पाहा. तिथे 13-14 वर्षांच्या मुलांना 16-17 वर्षांच्या मुलांनी लैंगिक शिक्षण दिले. सोळाव्या वर्षापर्यंत शरीरसंबंध आलेल्या मुलींचे प्रमाण या गटात सुमारे 35 टक्के, तर शिक्षकांनी शिकवलेल्या गटात 41 टक्के होते. मुलग्यांच्या बाबतीत असा फरक दिसला नाही, निरोधच्या वापरातही नाही. तेव्हा ही जादूची कांडी नव्हे. मुले चुकीचे सांगतील, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यावर उपाय म्हणजे आधी नीट प्रशिक्षण, मागे शिक्षक आणि रुग्णालयातला समुपदेशक, वर्गात बिननावाच्या चिठ्ठ्यांची पेटी, मुलींचा वेगळा तास. आरोग्यदूताला उत्तर येत नसेल तर चिठ्ठी समुपदेशकाकडे जावी. वयाचे म्हणाल, तर 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बाधित कुटुंबातल्या बारा वर्षांवरच्या समजूतदार मुलालाही धाकट्या भावंडाचा पालक म्हणून शाळाप्रवेश आणि उपचारांचे व्यवहार पाहण्याची मुभा दिली आहे. कायदा ज्याच्यावर एवढी जबाबदारी टाकतो, त्याला वर्गात चार गोष्टी सांगू द्यायला आपण का कचरतो?

सुरतेत हे जमण्याजोगे आहे. पालिकेच्या शाळा मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, ओडिया अशा अनेक माध्यमांत चालतात. लिंबायत-उधन्यातल्या खानदेशी घरांतली मुले मराठी शाळेत येतात आणि आपसांत अहिराणी बोलतात. त्यांना गुजराती भित्तिपत्रक उपयोगी पडत नाही, वरच्या वर्गातली ताई पडते. पालिकेच्या सुमन हायस्कूलमधल्या मुलामुलींना तयार करून आठवीच्या वर्गांत पाठवावे, आणि तेही आठवी संपण्याआधी. त्यानंतर ज्यांची शाळा सुटते, त्यांना गाठणे फार अवघड होते. नगर प्राथमिक शिक्षण समितीने येत्या सत्रात निदान लिंबायत विभागात याची सुरुवात करावी.

— एक वाचक, लिंबायत, सुरत