पुलाजवळचा बोर्ड नेमका कुणाच्या खिशात आहे?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण वाचा. विषय जुन्या पुलाजवळच्या, नगरपरिषदेच्या त्या लाल अक्षरांच्या बोर्डाचा आहे.

गेल्या पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढवला, त्या रात्रीची गोष्ट बऱ्याच जणांना आठवत असेल. पाणी पुलावर चढायला लागलं आणि बॅरिकेड यायला तास गेला. त्या तासाभरात बोर्ड बंद नव्हता बरं का, लख्ख चालू होता. त्यावर एका नेत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा सरकत होत्या. त्यासुद्धा धड नाहीत, 'हार्‌दकि शुभेच्‌छा'. घाटावरच्या पोरांनी मोबाईलचे टॉर्च हलवून दुधाच्या दोन गाड्या आणि पेशंट घेऊन निघालेली एक रिक्षा परत फिरवली. कुणाचं काही वाईट झालं नाही, ते त्या पोरांमुळे. त्यांचा सत्कार वगैरे कुणाला सुचला नाही, तो विषय वेगळा.

हा बोर्ड बसवला तेव्हा फाईलवर कामाचं नाव होतं 'आपत्ती पूर्वसूचना फलक'. नारळ फुटला त्या दिवशी मी तिथे होतो, बातमी मीच केली होती. मग त्या रात्री मजकूर का बदलला नाही? दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारलं. उत्तर एका ओळीचं, "पासवर्ड एजन्सीकडे आहे." एजन्सी दुसऱ्या जिल्ह्यातली. देखभालीचा करार मार्चमध्येच संपलेला. मजकूर बदलायचं ॲप त्यांच्या एका ऑपरेटरच्या मोबाईलमध्ये, आणि रात्री अकरा वाजता तो मोबाईल स्विच ऑफ. तो तरी काय करणार, करार संपलेल्या गावच्या पुराची वाट बघत जागा बसणार होता का?

खांब आपला, वीजबिल आपलं, पूर तर आपलाच आणि बोर्डाचा मेंदू मात्र परगावच्या खिशात. यात काय एवढं अवघड तंत्रज्ञान आहे की गावात कुणाला हात लावता येऊ नये, हे बघायचं मी ठरवलं. आयटीआयमधले इलेक्ट्रॉनिक्सचे एक सर ओळखीचे आहेत (नाव लिहू नका म्हणालेत). त्यांनी वर्कशॉपमध्ये तसलंच एक पॅनल उघडून टेबलावर ठेवलं आणि दोन तास शिकवलं. जे कळलं ते माझ्या भाषेत सांगतो.

या पॅनलला बाजारात 'पी-टेन' म्हणतात. दोन दिव्यांमधलं अंतर १० मिलिमीटर, म्हणून हे नाव. मेडिकलच्या दारावर, पतसंस्थेबाहेर, ट्रॅव्हल्सच्या काचेमागे सरकणारी अक्षरं दिसतात ती बहुतेक याचीच. एक पॅनल ३२ सेंटिमीटर रुंद आणि १६ सेंटिमीटर उंच. त्यात आडवे ३२ आणि उभे १६, असे ५१२ बारके एलईडी. आपल्या बोर्डात आडवी सहा आणि वर-खाली दोन, अशी १२ पॅनल आहेत. रस्त्यावरून मोजता येतात, मी मोजलीत. म्हणजे एकूण ६,१४४ दिवे.

आता इतक्या दिव्यांना एकेक वायर ओढायची म्हटली तर वायरींचा भारा बोर्डापेक्षा मोठा होईल. आणि हुकूम देणारी चिप किती मोठी? सरांनी आर्डुइनो उनो नावाचं कार्ड हातात दिलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. त्यातल्या चिपच्या कामाला येतील अशा तारा साधारण २०. वीस तारांतून सहा हजार दिवे कसे नाचवायचे?

पहिली युक्ती नाट्यगृहाच्या तिकिटाची. तिकिटावर रांग आणि खुर्ची एवढंच असतं, तेवढ्यात माणूस बरोबर जागेवर जातो. दिव्यांचं तसंच. आठ आडव्या तारा, आठ उभ्या तारा, जिथे छेदतात तिथे एक दिवा. ६४ दिवे, तारा फक्त १६. पण यात एक गोम आहे. पहिल्या रांगेतला पहिला आणि दुसऱ्या रांगेतला दुसरा असे दोन दिवे एकदम लावायला गेलात की नको असलेले दोन आणखी पेटतात, कारण त्याच तारा तिथेही भेटतात. म्हणून एका वेळी एकच रांग लावायची, ती विझवून पुढची, मग त्याच्या पुढची. हे इतक्या वेगाने की डोळ्याला सगळं एकदम पेटल्यासारखं वाटतं. आपल्या बोर्डात कुठल्याही क्षणी फक्त पाव दिवे पेटलेले असतात, बाकीचे पाऊण बंद. विश्वास बसत नसेल तर मोबाईलने फोटो काढून बघा, अक्षरांत काळे पट्टे येतात. इतकी वर्षं मी कॅमेऱ्याला शिव्या घालत होतो.

दुसरी युक्ती मला फार आवडली. पॅनलच्या पाठीमागे छोट्या आयसींची रांग असते, नाव ७४एचसी५९५. प्रत्येकीच्या हाताखाली एका वेळी आठ दिवे. चिप फक्त पहिल्या आयसीला एकेक निरोप देते, 'लाव' किंवा 'विझव'. ती तो पुढच्या आयसीला सरकवते, ती त्याच्या पुढच्या. पंगतीत एका टोकाने द्रोण देत गेलं की हातोहात शेवटच्या पानापर्यंत पोचतात, तसं. सगळ्यांच्या पुढ्यात आल्याशिवाय कुणी खात नाही. श्लोक झाला की सगळे एकदम पहिला घास घेतात. इथेही शेवटी एक इशारा जातो आणि आख्खी रांग एकदम पेटते. एका पॅनलमध्ये अशा १६ आयसी, आपल्या बोर्डात १९२. पंगत कितीही वाढवा, वाढपी एकच. फक्त पंगत लांबली की वाढायला वेळ लागतो, मग अक्षरं लुकलुकायला लागतात. बारा पॅनलना ते छोटं कार्ड पुरतं.

आणि आता खरी मजा. एका दिव्याला पेटलेला की विझलेला एवढंच लक्षात ठेवायचं असतं, म्हणजे एक बिट. ६,१४४ बिट म्हणजे ७६८ बाइट. बोर्डावरचं आख्खं चित्र एवढंच. मोबाईलमध्ये देवनागरीचं एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात, म्हणजे तेवढ्या जागेत या पोस्टच्या जेमतेम चार-पाच ओळी मावतील. त्या चिपमध्ये प्रोग्रॅम ठेवायला ३२ किलोबाइट जागा आहे. दहा वेगवेगळे इशारे चित्र म्हणून आधीच भरून ठेवले तरी साडेसात-आठ किलोबाइटच्या पुढे जात नाही.

चित्र म्हणून, असं मुद्दाम म्हणतोय. 'हार्‌दकि'चं कोडं तिथेच सुटलं. मराठी टाईप करताना मशीनमध्ये आधी 'द' साठवला जातो आणि वेलांटी त्याच्यानंतर. ती उचलून 'द'च्या आधी नेणं, अर्ध्या 'र'चा रफार करून डोक्यावर चढवणं, हे काम मोबाईल-कॉम्प्युटर गुपचूप करतात. स्वस्तातल्या बोर्डाच्या कार्डाला ते येतच असं नाही. ते आलेलं तसंच लावत जातं, मग वेलांटी शेजारच्याच्या गळ्यात पडते. उपाय साधा आहे, कॉम्प्युटरवर नीट मराठीत लिहायचं, त्याचं ठिपक्यांचं चित्र करायचं आणि बोर्डाला चित्र द्यायचं. आयटीआयच्या पोराने माझ्यासमोर 'स्थिती' असं लिहून दाखवलं, जोडाक्षर, वेलांट्या सगळं जागेवर. "सर, तुमच्या पेपरचं नाव टाकू का?" म्हणाला. राहू दे म्हटलं.

ही सगळी हकिकत मी पालिकेच्या अभियंता साहेबांना ऐकवली. ते हसले. "पोरांच्या प्रोजेक्टवर आपत्ती व्यवस्थापन चालवायचं का, पत्रकार साहेब?"

प्रश्न चुकीचा नाही. टेबलावर चालणं आणि पुलावर चालणं यात फरक आहेच. बारा पॅनल पूर्ण पेटली तर ५ व्होल्टवर ४०-५० अँपिअरपर्यंत करंट जातो. बारीक वायर वापरली तर ती तापते आणि लांबच्या पॅनलपर्यंत पोचताना व्होल्टेज गळतं, शेवटची अक्षरं मंद दिसतात. पावसाचं पाणी आत जाता कामा नये. लोखंडी खांब आहे, वीज पडते, अर्थिंग नीट हवं. २३० व्होल्टचं काम लायसन्सवाल्या वायरमननेच करायचं, तिथे पोरांना हात लावू द्यायचा नाही. चिप अडकून बसली तर रात्री दोन वाजता रिसेट कोण करणार, हेही त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर सरांकडे होतं. त्या चिपमध्येच एक राखणदार घड्याळ असतं. प्रोग्रॅमकडून ठरल्या वेळेत हाक आली नाही की ते चिप आपोआप पुन्हा सुरू करतं, जास्तीत जास्त ८ सेकंदांत.

पण साहेब, माझाही एक उलट प्रश्न आहे. त्या रात्री नापास झाला तो पोरांचा प्रोजेक्ट नव्हता. रीतसर टेंडर, रीतसर बिल, रीतसर पूर्णत्वाचा दाखला असलेली वस्तू होती. दिवे चांगले होते, वीज होती, फक्त चावी गावात नव्हती.

यात पैसे खाल्ले असं मी म्हणत नाहीये, माझ्याकडे तसा कागद नाही. मुद्दा टेंडर लिहिण्याचा आहे. दिव्याची चमक, पत्र्याची जाडी, वॉरंटीची वर्षं, सगळं त्यात असतं. पासवर्ड कुणाच्या ताब्यात राहणार, प्रोग्रॅम आणि सर्किटचा नकाशा पालिकेला मिळणार का, एजन्सी गेल्यावर मजकूर कोण बदलणार, याची एक ओळ नसते. स्ट्रीटलाइटच्या नव्या कंट्रोल पेट्यांचंही हेच होणार आहे, लिहून ठेवा. दिवसाढवळ्या दिवे चालू राहतील आणि आपला लाइनमन खाली उभा राहून म्हणेल, ऑनलाइन आहे, माझ्या हातात नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. पॅनल तीच ठेवा, खांब तोच, फक्त आतलं कार्ड बदला. त्यात दहा वाक्यं आधीच भरा, जाणकारांकडून तपासून. आणि पोलीस चौकीत एक गोल खटका बसवा, पंख्याच्या रेग्युलेटरसारखा, दहा घरांचा. तीन नंबरवर फिरवला की 'पुलावर पाणी, रस्ता बंद'. इंटरनेट नको, ॲप नको, पासवर्ड नको. मेसेजवर चालणारं करा असं काही जण सुचवतील, पण पुरात टॉवरची वीज गेली की मेसेजही गेला. खटका आणि एक इन्व्हर्टर बॅटरी पुष्कळ झाली. होमगार्डलाही फिरवता येईल. नवीन कार्डाचा खर्च पालिकेच्या एका हारतुऱ्याच्या कार्यक्रमापेक्षा नक्की कमी आहे, हे मी दोन्हीकडचे भाव विचारून लिहितोय.

वाक्यं कुठली हेही महत्त्वाचं. 'धरणातून अमुक हजार क्युसेक विसर्ग' याने दूधवाल्याला काही कळत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, हे किती जणांना माहीत आहे? कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, सांगलीत आयर्विन पुलावर ४० आणि ४५. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै बघितलेल्या तिथल्या माणसाला हे आकडे झोपेतून उठवून विचारा. आपल्या पुलाच्या खांबावरही फुटांच्या खुणा आहेत. तेच बोर्डावर येऊ द्या, 'पाणी पुलाखाली ३ फूट'. आणि बंद असेल तर पर्यायी रस्ता कुठून, तेही.

वाढदिवसांचं काय, असं एका नगरसेवकांनी फोनवर विचारलंच. जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत बोर्ड नदीचा. बाकीचे आठ महिने काय ते तुमचं तुम्ही ठरवा.

सोमवारी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय. अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. त्यात विचारतोय की पासवर्ड आज कुणाकडे आहे, करार संपताना एजन्सीकडून काय काय ताब्यात घेतलं आणि त्या रात्री बोर्डावरचा मजकूर बदलायचा आदेश कुणी, किती वाजता दिला. आलेलं उत्तर जसंच्या तसं इथे टाकेन. आयटीआयच्या सरांची पोरं एक पॅनल आणि खटका जोडून नमुना करून द्यायला तयार आहेत, फक्त पालिकेकडून तसं पत्र लागेल. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा म्हणून आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकांना फोन करा.

आणि त्या रात्रीचा पुलाजवळचा व्हिडिओ कुणाकडे असेल, ज्यात बोर्ड आणि पाणी दोन्ही दिसतंय, तर इनबॉक्सला पाठवा. व्हिडिओत वेळ दिसत असेल तर फार बरं होईल. नाव गुप्त ठेवतो.