मधल्या फळीतला माणूस

महाराष्ट्रात मलकापुरे निदान तीन तरी. एक बुलढाणा जिल्ह्यातले, रेल्वेच्या वाटेवरचे. दुसरे कऱ्हाडला चिकटलेले. आणि तिसरे कोल्हापूर जिल्ह्यातले, शाहूवाडी तालुक्यातले. कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालेली एस.टी. आंबा घाट उतरण्यापूर्वी ज्या गावात थांबते, ते हे मलकापूर. आज बोलावयाचे आहे ते या तिसऱ्या मलकापुरातल्या, आणि तसल्याच गावांतल्या, एका घरगुती प्रश्नाविषयी.

प्रश्न असा : मुलगा बारा वर्षांचा आहे. चेंडू पायाला चिकटवल्यासारखा नेतो. मास्तर म्हणतात, याला कोल्हापुरात पाठवा. आई म्हणते, शाळेचे काय? वडील काही बोलत नाहीत. पण फुटबॉलवर पोट भरते का, हे त्यांना विचारावयाचे असते.

कोल्हापूरला फुटबॉलचे वेड किती, हे बाहेरच्या मंडळींना सांगून पटत नाही. मुंबई-पुण्यात मुले क्रिकेटच्या मागे. येथे पेठापेठांतून फुटबॉल. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही नावे मूळची तालमींची. पण लाल मातीतली ही मंडळी फुटबॉलच्या मैदानातही उतरली. शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा सामना असला, की त्या संध्याकाळी पेठेतल्या घरी पाहुण्याने जाऊ नये. चहा मिळेल, पण गप्पा मिळणार नाहीत.

वेड आहे खरे. पण वेडाला भाकरी लागते. आणि ती भाकरी ज्यांनी कमावली, त्यांच्याकडे पाहावयाचे तर सर्बियाकडे पाहावे. या देशाची वस्ती २०२२ च्या शिरगणतीप्रमाणे सुमारे ६६ लाख. आपल्या एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची २०११ साली ३८ लाखांवर होती. म्हणजे पुरते दोन कोल्हापूर जिल्हेही नव्हेत! पण युरोपात असा देश क्वचितच असेल, की जेथे सर्बियाचा खेळाडू पगार घेत नाही.

त्यांतला एक नेमान्या मातिच. जन्म १९८८ चा. हा खेळे मधल्या फळीत. मधली फळी म्हणजे काय, हे गृहिणींना सांगण्याची गरज नाही. पंगतीत स्वयंपाकघर आणि पाने यांच्यामध्ये जो वाढपी धावत असतो, तोच हा. मागून घ्यावयाचे आणि पुढे पोचवावयाचे. जेवण झाल्यावर कौतुक आचाऱ्याचे; वाढप्याची आठवण होते ती आमटी वेळेवर आली नाही तरच.

२००७ साली हा घर सोडून स्लोव्हाकियातल्या कोशित्से गावी गेला. २००९ साली लंडनच्या चेल्सीने त्याला घेतले. पण खेळवले जेमतेम. एक वर्ष हॉलंडात उसना दिला आणि २०११ साली पोर्तुगालच्या बेन्फिका संघाकडून एक मोठा बचावपटू घेताना, पैशांच्या जोडीला म्हणून याला तिकडे देऊन टाकले. भांडी घेताना बोहारणीला वर एखादे जुने लुगडे टाकावे, तसे! मातिच रुसला नाही. पोर्तुगालात खेळ असा वाढवला, की २०१४ च्या जानेवारीत त्याच चेल्सीला तोच माणूस दोन कोटी दहा लाख पौंड मोजून परत घ्यावा लागला. त्यानंतर इंग्लंडच्या साखळीची दोन अजिंक्यपदे, पुढे मँचेस्टर युनायटेड, मग रोम, आणि मग फ्रान्स. सात देशांचे पाणी प्यालेला हा माणूस पस्तिशी उलटल्यावरही खेळत राहिला.

आता आपल्याकडचे पाहू. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून वर आला आणि २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीच्या फळीत उतरला. फुटबॉलच्या कोणत्याही विश्वचषकात भारत खेळला, तो तेव्हाच पहिल्यांदा. २०१९ साली हाच मुलगा इंग्लंडात ब्लॅकबर्न येथे तीन महिने सरावाला गेला. त्या संघाची मालकी २०१० पासून पुण्याच्या वेंकीज मंडळींकडे. म्हणजे परदेशातले घर, पण यजमान आपल्याकडचे. तरीही पाहुणचार तीन महिन्यांचाच. अनिकेत परतला आणि जमशेदपूर, हैदराबाद अशा संघांतून खेळला.

यात मुलाच्या गुणांना बोल लावू नये. त्या काळी इंग्लंडात नियमच असा होता, की ज्याचा देश जागतिक क्रमवारीत पहिल्या पन्नासात नाही, त्याला खेळण्याचा परवाना मिळणे महाकठीण. भारत तेव्हा शंभराच्या आसपास. सर्बिया पन्नासाच्या आत. दोन मुले सारखीच चांगली खेळली, तरी एकाला दार उघडे आणि दुसऱ्याला बंद.

गंमत पाहा, उलटी वाट मात्र मोकळी आहे. सोंबोर गावचा देयान द्राझिच हा सर्बियन गडी स्पेन, स्लोव्हाकिया, हंगेरी करीत २०२४ साली एफ.सी. गोवा संघात आला आणि २०२५ च्या सुपर चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने गोलही केला. आंबोली घाटाखाली उतरून गोव्याला जायला कोल्हापूरकराला एक दिवस पुरतो. या गड्याला मात्र कितीतरी देश लागले.

सर्बियातली लहान गावे मुले घडवतात, ती केवळ हौसेने नव्हे. फुटबॉलच्या जागतिक संस्थेचा एक नियम आहे. करार चालू असताना खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशात गेला, की त्या रकमेतले शेकडा पाच, तो १२ ते २३ वर्षांचा असताना ज्या ज्या संघांनी त्याला शिकवले, त्यांना वाटून द्यावयाचे. पंधरा वर्षांपर्यंतच्या दरसाल पाव टक्का, पुढे अर्धा. एक कोटीचा व्यवहार झाला, तर तेराव्या वर्षी त्याला वर्षभर खेळवणाऱ्या गावच्या संघाला २५ हजार. तेवढ्यात चेंडू येतात, जाळी येते, पुढच्या मुलाची सोय होते. मात्र अट एकच : त्या वर्षाची नोंद कागदावर हवी. आपल्याकडे मुलगा चौकात शिकतो, गुरु चौकातच राहतो, आणि कागद कोठेच नसतो.

तेव्हा मलकापूरच्या त्या वडिलांना आम्ही काय सांगावे? पोट भरते का, तर फार थोड्यांचे भरते. आणि ज्यांचे भरते, त्यांचेही बहुधा पस्तिशीपर्यंतच. गुडघा दुखावला तर त्याआधीच पान उचलले जाते. म्हणून शाळा सुटू देऊ नये. पण मुलाला कोल्हापुरात मावशीकडे ठेवावयाचे ठरलेच, तर तालमीच्या चिटणिसांना पहिल्याच दिवशी विचारावे : नाव नोंदवले का, जन्मदाखला लावला का, त्याची प्रत आम्हाला मिळेल का?

मुलगा आघाडीला खेळतो की मधल्या फळीत, हेही पाहून ठेवावे. मधल्या फळीत खेळत असेल, तर त्याला टाळ्या कमी मिळतील. त्या घरी आल्यावर वाजवाव्यात.