संघ नेमका कोणाचा, हे आधी ठरावे

२०२४-२५ च्या आय-लीगचे विजेतेपद चर्चिल ब्रदर्सने मैदानावर मिळवले आणि कागदावर गमावले, अशी रुखरुख गोव्यातील फुटबॉलप्रेमींना अजूनही आहे. त्या मोसमाच्या गुणतक्त्यात चर्चिलचे ४० गुण होते, तर इंटर काशीचे ३९. नामधारी संघाने इंटर काशीविरुद्ध खेळवलेला एक खेळाडू निलंबनामुळे त्या सामन्यास पात्रच नव्हता, ही हरकत जानेवारीत नोंदवली गेली होती. शिस्तपालन समितीने ती उचलून धरली, अपील समितीने फेटाळली. एप्रिल २०२५ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने चर्चिलला विजेता घोषित केले आणि जुलैत लोझान येथील क्रीडा लवादाने तो निर्णय फिरवून विजेतेपद इंटर काशीला दिले. तीन गुणांचा निवाडा व्हायला सहा महिने लागले, आणि तोही परदेशात.

या प्रकरणात चर्चिलच्या खेळाडूंनी कोणताही नियम मोडला नव्हता. दुसऱ्या दोन संघांमधील सामन्यात चुकीचा खेळाडू उतरला आणि त्याची किंमत तिसऱ्याने मोजली. साखळी स्पर्धेत संघरचनेचे नियम केवळ नियम मोडणाऱ्यापुरते राहत नाहीत. गुणतक्त्यातील प्रत्येक संघ त्यांच्याशी बांधलेला असतो.

व्यावसायिक क्लबांना वकील करता येतो, लवादाचे दार ठोठावता येते. गोव्यातील हौशी फुटबॉलला ती सोय नाही. भातकापणी संपली की शेतांतून मैदाने उभी राहतात आणि मे महिन्यापर्यंत आंतरग्राम स्पर्धांची रेलचेल असते. गोवा फुटबॉल संघटनेच्या खालच्या विभागांत उतरणारे क्लबही बहुतांशी त्याच गावांचे, त्याच वाड्यांचे. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांनी महासंघाच्या फेररचनेला विरोध करून आय-लीगमधून अंग काढून घेतले. त्यानंतर राज्यातील नवोदित खेळाडूला नियमित, चुरशीचे सामने मिळण्याची जागा मुख्यतः हीच उरली. धेंपो पुढे परतला, पण राष्ट्रीय स्तरावर एका वेळी चार-पाच गोमंतकीय क्लब झुंजत असत, ते दिवस परतलेले नाहीत. गोव्याने संतोष चषक पाच वेळा जिंकला, त्यातला शेवटचा २००८-०९ च्या मोसमात.

आता या आंतरग्राम स्पर्धांचे चित्र पाहू. गावाच्या नावाने संघ उतरतो, अंतिम सामन्याला अख्खा गाव लोटतो, आणि अकरापैकी सहा-सात जण त्या गावाने त्याच आठवड्यात प्रथम पाहिलेले असतात. सामन्यागणिक मानधन घेऊन आज या गावाकडून आणि परवा शेजारच्या गावाकडून खेळणारे खेळाडू ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. बक्षिसाची रक्कम वाढली की पुरस्कर्ते वाढतात, पुरस्कर्ते वाढले की जिंकण्याची घाई वाढते. वर्षभर सकाळी सरावाला येणारा गावातला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा त्या दिवशी राखीव खेळाडूंत बसून राहतो. पुढच्या वर्षी तो सरावाला येईलच, याची हमी कोण देणार?

बाहेरच्या खेळाडूंवर सरसकट बंदी हा यावरचा उपाय नव्हे. लहान वाड्याला अकरा जण जमवणे कठीण जाते, शिवाय चांगल्या खेळाडूसोबत खेळून स्थानिक मुलगाही शिकतो. पैसे घेणे हाही काही गुन्हा नाही. फिफाच्या व्याख्येनुसार लेखी करार असलेला आणि प्रत्यक्ष खर्चाहून अधिक मोबदला मिळणारा खेळाडू व्यावसायिक, बाकी सारे हौशी. सामन्यागणिक रोख घेणारा खेळाडू कागदावर हौशी, व्यवहारात व्यावसायिक असतो. तो जायबंदी झाला तर जबाबदारी कोणाची, याचे उत्तर ना गावाकडे असते, ना ज्या क्लबकडे त्याची नोंदणी आहे त्या क्लबकडे. नोंदणीकृत क्लबचा प्रशिक्षक सोमवारी सरावाला लंगडत आलेला खेळाडू पाहतो, तेव्हा त्याला रविवारची हकिकत कळते.

म्हणून मर्यादा हवी, आणि ती स्पर्धेची पहिली किक बसण्यापूर्वी जाहीर हवी. पाहुणे खेळाडू किती, याचा आकडा आयोजकांनी ठरवावा. तो दोन असो वा चार, सर्वांना एकच हवा. खेळाडूंची यादी छायाचित्रांसह आधी घ्यावी आणि ती प्रतिस्पर्ध्यांना पाहू द्यावी. हरकत किती तासांत नोंदवायची आणि ती कोण ऐकणार, हेही तेव्हाच सांगावे. यजमान गावाच्या संघाची हरकत यजमान गावाच्याच समितीने ऐकायची, हा प्रकार बंद व्हावा. बाद फेरीत उशिरा यादीत घुसवलेल्या नव्या नावावरून पेटणारे निम्मे वाद एवढ्यानेच मिटतील. खेळाच्या मूळ नियमांतही तळागाळाच्या फुटबॉलसाठी लवचीकता आहे. राष्ट्रीय संघटनेची मान्यता असेल तर तिथे बदललेला खेळाडू पुन्हा मैदानात उतरू शकतो. राखीव मुलांना खेळवण्यासाठी ही सवलत किती उपयोगी आहे, याकडे आयोजकांचे फारसे लक्ष जात नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक संमत केले. त्यात क्रीडा वादांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद आहे. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉल महासंघाच्या घटनेला मान्यता दिली. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह, पण त्यांचा रोख वरच्या मजल्यावर आहे. शेतातल्या मैदानावरचा तंटा दिल्लीपर्यंत जाणार नाही, जाऊही नये.

हे काम गोवा फुटबॉल संघटनेलाच करता येईल. आंतरग्राम स्पर्धांना केवळ अनधिकृत ठरवून नोंदणीकृत खेळाडूंवर कारवाईचे इशारे देण्याऐवजी एक साधी नमुना नियमावली कोकणी आणि मराठीत काढावी. ती पाळणाऱ्या आयोजकांना मान्यता आणि प्रशिक्षित पंच पुरवावेत. नवा हंगाम सुरू व्हायला पावसाळ्यानंतरची कापणी संपायचाच काय तो अवकाश असतो. नियमावली त्याआधी पंचायतींच्या हाती पडली, तर यंदाच्याच स्पर्धांना ती लागू करता येईल.